सोन्याचा पाळणा आणि लाकडाचा पाळणा

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपल्यापैकी कोणी ऐकली नाही? १६७९ साली शिवछत्रपतींच्या फौजेने ही पेठ लुटली, ती तिच्या संपत्तीच्या कीर्तीमुळेच. परंतु सोन्याच्या पाळण्याचे कौतुक करताना लाकडाचा खरा पाळणा घडविणाऱ्या सुताराचे स्मरण आपणांस क्वचितच होते.

गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होय. शेतकऱ्याची नांगर, तिफण, गाडी त्याने घडवावी आणि सुगीला खळ्यावरून धान्याच्या रूपाने आपले बलुते न्यावे, असा व्यवहार होता. त्याच हातांनी वाड्याच्या चौकटीवर कमळ, वेल नि मोर उमलत. कोणते लाकूड कोठे वापरावे, हे त्याचे खरे शास्त्र. नांगराला आणि चाकाला बांधावरची चिवट बाभूळ. खांब-तुळयांना साग, कारण त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि त्यावर पटाशी सुरेख चालते.

पण झाड तोडावे कोणाच्या हुकुमाने? या प्रश्नाचे उत्तर रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आहे. आरमारासाठी साग आदी झाडे अरण्यातून परवानगीने तोडावीत. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. बलात्कार सर्वथा नसावा.

जालना त्या वेळी मोगली अमलाखाली होते. तेव्हा हे आज्ञापत्र येथे लागू नव्हते, हे आम्ही जाणतो. तथापि झाडाचे वय आणि धन्याची संमती या दोन कसोट्या कोणत्याही मुलखाला लागू पडाव्यात, इतक्या न्याय्य आहेत. सावंतवाडीच्या कारागिरांनीही खेळण्यांसाठी सागाऐवजी हलका, लवकर वाढणारा पांगारा जवळ केला, यात तेच शहाणपण दिसते.

आज मराठवाड्यातील जुने वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत. त्यांचे नक्षीदार खांब लाकडाच्या भावाने विकले जातात. आपल्या जिल्ह्यात जंगल अत्यल्प. तेव्हा शंभर-दोनशे वर्षे टिकलेला साग हेच आपले उभे अरण्य नव्हे काय? वाडा पाडण्यापूर्वी त्याच्या नक्षीची चित्रे काढून ठेवावीत, धडके खांब नव्या वास्तूत बसवावेत आणि बांधावर एक बाभूळ वा निंब वाढू द्यावा. सोन्याचा पाळणा गेला, तरी लाकडाचा अजून राखता येईल.