भीतीचा वास : उमरग्याहून हैदराबादकडे पाहताना

आमच्यापैकी एकाच्या आठ वर्षांच्या मुलीची दाढ किडली, तेव्हा आम्ही दोघेही तिच्याबरोबर उमरग्यातल्या एका दंतवैद्याकडे गेलो होतो. दुसऱ्याचे तिथे काही काम नव्हते. पण तास संपले होते आणि मुलगी काकांशिवाय रिक्षात बसायला तयार नव्हती. दवाखान्यात टेबलावर पाण्याची वाफ सोडणारे एक छोटे यंत्र ठेवलेले होते. त्यात संत्र्याच्या तेलाचे थेंब घातले की मुले शांत बसतात असे वाचनात आल्यामुळे आपण ते आणले, असे डॉक्टरांनी सांगितले. मुलीने दोनदा हुंगले आणि म्हणाली, “इथं आजीच्या मिसळणाच्या डब्याचा वास येतोय.”

संत्रे तिच्या नाकापर्यंत पोहोचलेच नव्हते. तिला आला तो लवंगेचा वास. आमच्यापैकी जो नुसता सोबतीला आला होता त्यालाही नेमका तोच वास आला, आणि त्याच्या तळहातांना घाम सुटला. साधारण त्याच वयाचा असताना एका दवाखान्यात दोघांनी हात धरून आणि तिसऱ्याने डोके दाबून त्याची दाढ उपटली होती. त्या खोलीत हाच वास होता. एकाच खोलीत, एकाच वासाने एक जीव आजीच्या स्वयंपाकघरात गेला आणि दुसरा पस्तीस वर्षे मागे, त्या खुर्चीत. वासाने भीती जाते की येते, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला. आम्ही दोघेही मराठीचे. वैद्यकातला आमचा अधिकार शून्य. पण जुनी पाने चाळण्याची सवय आहे, आणि ती चाळताना एक विलक्षण गोष्ट हाती आली. तिचा मोठा भाग आमच्याच जुन्या राजधानीत, म्हणजे हैदराबादेत घडलेला आहे.

आधी लवंगेविषयी. दंतवैद्याच्या खोलीला जो विशिष्ट वास असतो तो बहुतांशी युजेनॉल या द्रव्याचा असतो. लवंगेच्या तेलात तेच मुख्य असते, आणि जस्ताच्या भस्मात ते कालवून दातात तात्पुरते भरण्याची रीत फार जुनी आहे. फ्रान्समधल्या लियाँ येथील संशोधकांनी 1998 साली काही लोकांना हा वास देऊन त्यांच्या नाडीतले आणि त्वचेतले बदल मोजले. ज्यांना दातांच्या उपचारांची धास्ती नव्हती त्यांना तो सुखद वाटला. ज्यांना धास्ती होती त्यांच्या शरीराने भीतीची चिन्हे दाखवली. द्रव्य एकच, फरक फक्त आठवणीत. आमच्या दोघांच्या त्या दुपारच्या अनुभवाला प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला, एवढेच.

मात्र युरोपातल्या मुलाला लवंग बहुधा प्रथम भेटते ती दवाखान्यात किंवा नाताळच्या केकात. आमच्याकडच्या मुलाला ती जन्मापासून भेटते. चरकाने मुखशुद्धीसाठी जायफळ, कंकोळ, वेलची, कापूर यांच्याबरोबर लवंगही सांगितली आहे. दाढ ठणकली की लवंग दाताखाली धरायची, हे मराठवाड्यात कोणाला शिकवावे लागत नाही. ‘काश्यपसंहिता’ हा बालरोगांवरचा प्राचीन ग्रंथ नेपाळातल्या हस्तलिखितावरून 1938 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यात दात येण्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि धूपांवरही आहे. मुलांचे दात आणि मुलांसाठीचे वास एकाच ग्रंथात शेजारी नांदताना पाहून आम्हांला गंमत वाटली. अर्थात, त्या धूपांचा हेतू ग्रहबाधा टाळण्याचा होता. आजच्या अर्थाने ते भीतीवरचे उपचार होते असे म्हणणे ही ओढाताण होईल, आणि आपल्याकडे सर्व काही आधीच होते असे सांगणाऱ्यांची पंगत तशीही लांब आहे. तरीही न्हाऊ घातलेल्या तान्ह्याला वेखंडाची, ओव्याची, उदाची धुरी देणारी आजी बाळ शांत झोपावे म्हणूनच ती देते, हेही खरे.

धुरीची दुसरी, तितकीशी गोड नसलेली बाजूही इथलीच आहे. दात किडला म्हणजे दातात किडा शिरला, या समजुतीने रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तो धूर तोंडात घ्यायचा. मग किडे गळून पडतात म्हणे. आठवडी बाजारात हे ‘किडे’ काढून दाखवणारे लोक आमच्या लहानपणापर्यंत दिसत. दातात किडा नसतो हे पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने 1728 सालच्या आपल्या ग्रंथातच सांगितले होते. पण बातमी नळदुर्गाच्या अलीकडे यायला उशीर झाला असावा. नळदुर्गाचे नाव निघालेच आहे तर आणखी एक. त्या किल्ल्यात पाणीमहाल बांधणाऱ्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात ‘इत्र-इ-नौरसशाही’ नावाचा सुगंधांवरचा फारसी ग्रंथ त्याला अर्पण केला गेला. म्हणजे वासाचे शास्त्र हा या मुलखाच्या राज्यकर्त्यांचाही आवडीचा विषय होता. असो.

आता मूळ कथा. वेदनेवर विजय मिळवण्याच्या इतिहासात पहिले मानकरी दंतवैद्यच होते. होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने डिसेंबर 1844 मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, आणि विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने 16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टनच्या रुग्णालयात ईथरचा जाहीर प्रयोग केला. ईथरचा वास उग्र. तो घशाला झोंबे आणि रोगी खोकत. वर्षभरात, नोव्हेंबर 1847 मध्ये, एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणले. ते गोडसर वासाचे, थोडक्यात काम करणारे. साहजिकच मुलांसाठी आणि भित्र्यांसाठी ते उत्तम मानले गेले.

पण 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या विनलेटन या गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी खुर्चीत बसली. तिला आधी एकदा ईथर दिलेले होते आणि या वेळी ती आधीपासून घाबरलेली, रडत होती. रुमालावर चमचाभर क्लोरोफॉर्म ओतून तो तिच्या नाकाशी धरला गेला आणि काही मिनिटांतच ती मरण पावली. क्लोरोफॉर्मखालचा हा पहिला नोंदलेला मृत्यू. पुढे असे मृत्यू होत राहिले, आणि त्यांतले पुष्कळसे मोठ्या शस्त्रक्रियांत नव्हे तर नख, दाढ असल्या किरकोळ कामांत होते. हे कोडे चाळीस वर्षे सुटेना. एक पक्ष म्हणे, हृदय बंद पडते. दुसरा म्हणे, श्वास बंद पडतो.

या वादात हैदराबाद उतरले. उमरगा आणि आसपासचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो 1948 च्या सप्टेंबरपर्यंत तिथेच राहिला. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेत शिकलेले आणि श्वासपक्षाचे कट्टर अनुयायी. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने त्यांनी 1888 मध्ये पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन भरवले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने निष्कर्षांवर शंका घेताच निजामांनी एक हजार पौंड देऊ केले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य 1889 मध्ये दुसऱ्या कमिशनसाठी आले. ते हृदयपक्षाचे होते. हैदराबादेत शेकडो कुत्र्यांवरचे प्रयोग पाहून त्यांनी मत बदलले. या कामाशी रुपाबाई फर्दुनजी या पारशी तरुणीचेही नाव जोडलेले आहे. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेतून 1889 मध्ये शिकून बाहेर पडलेल्या रुपाबाईंनी पुढे अनेक वर्षे तिथल्या रुग्णालयांत भूल दिली. जगातल्या अगदी आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव नाही.

कमिशनने सांगितले ते असे : नाडीकडे नव्हे, श्वासाकडे लक्ष ठेवा. रोगी धडपडला, श्वास रोखून बसला, तर सावध व्हा. कारण त्यानंतर तो जो मोठा श्वास घेईल त्यात विष एकदम आत जाईल. हे वाचताना आम्हांला दुसऱ्या कशाची नव्हे, लहान मुलांची आठवण झाली. नकोसा वास आला की श्वास रोखून धरायचा ही मुलांची पहिली प्रतिक्रिया. कमिशनच्या नजरेसमोर घाबरलेले शरीर होते. पण त्याने ते केवळ श्वासाच्या हिशेबात मांडले. कुत्र्याला भूल देता येते. डॉक्टरच्या खुर्चीकडे चालत जाताना मुलाला जे वाटते, ते त्याला वाटायला लावता येत नाही.

उत्तर आले 1911 मध्ये. ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्म अर्धवट चढलेले असताना शरीरात अॅड्रिनॅलिन उसळले, तर हृदयाची लय विस्कटून ते थांबू शकते. म्हणजे हृदयपक्ष अगदीच चुकला नव्हता, आणि हैदराबादचा निकाल अपुरा ठरला. अॅड्रिनॅलिन शरीरात उसळते ते मुख्यतः भीतीने. किरकोळ कामासाठी थोडेसेच क्लोरोफॉर्म आणि समोर घाबरलेला जीव, हीच मारक जोडी होती. हॅना ग्रीनरच्या बाबतीत नेमके काय झाले यावर तज्ज्ञांत आजही एकमत नाही. तरी तिचे रडणे त्या दिवशी कोणी कारणांत धरले नव्हते, हे आम्हांला बोचते. भीती ही उपचारातली अडचण मानली गेली, रोग्याची अवस्था मानली गेली नाही.

त्या मानाने सुगंधोपचार हा शब्द कालचा. रने-मोरीस गातफोसे या फ्रेंच रसायनज्ञाने 1937 च्या आपल्या पुस्तकाला तो दिला. प्रयोगशाळेत भाजलेल्या हाताला लव्हेंडरच्या तेलाने गुण आल्याची त्याची गोष्ट सांगता सांगता फुगत गेली आहे. दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात संत्र्याचा वास सोडून पाहण्याचे काम व्हिएन्नात झाले : 2000 सालच्या पाहणीत स्त्रियांची चिंता कमी झालेली आढळली, 2005 मध्ये लव्हेंडरचीही भर पडली. मुलांवरचा आम्हांला महत्त्वाचा वाटलेला प्रयोग इराणमधला, 2013 साली प्रसिद्ध झालेला. सहा ते नऊ वर्षांच्या तीस मुलांना एका भेटीत संत्र्याचा वास आणि एका भेटीत नुसते पाणी देऊन लाळेतले कॉर्टिसॉल आणि नाडी मोजली गेली. वासाच्या भेटीत दोन्ही कमी भरली.

तीस मुले म्हणजे आमच्याकडचा अर्धा वर्ग. शिवाय औषधाची गोळी खोटी करता येते; संत्र्याचा वास खोटा कसा करणार? मुलाला कळते, डॉक्टरलाही कळते, आणि वास घेऊन आलेला डॉक्टर बहुधा थोडा अधिक सावकाश बोलतो. गुण वासाचा की त्या सावकाशीचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ ही रीत 1959 पासून बालदंतवैद्यकात रुळलेली आहे आणि तिला तेलाचा थेंबही लागत नाही. दम्याच्या मुलाला कोणताही तीव्र वास त्रास देऊ शकतो, आणि ही तेले पोटात गेली तर विषारी ठरतात, हेही सांगून ठेवले पाहिजे. आमच्याकडे चांगले म्हटले की चमचाभर पाजण्याची हौस आहे.

आम्ही हे सगळे डॉक्टरांपुढे मांडले, थोड्या प्राध्यापकी थाटात. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाले, संत्रे राहू द्या, पण तुम्ही लवंगेचे जे सांगता ते माझ्या कधी डोक्यात आले नव्हते. ज्याची पहिलीच वेळ आहे त्या मुलाला हा वास घरचा आहे, आणि ज्याला कोणी एकदा दुखवून ठेवले आहे त्याला नाही. पुढच्या खेपेला मुलीला खुर्चीत बसवण्याआधी त्यांनी युजेनॉलची बाटली उघडून तिच्या हाती दिली आणि विचारले, हे कशात घालते तुझी आजी? ती आमटी, मसालेभात आणि विडा इतके सांगून थांबली, आणि मग तिने आपणहून तोंड उघडले. भूल देण्याची सुई टोचली तेव्हा ती रडली. दाढ भरून झाली.

आमच्यातला दुसरा बाहेर बाकावर बसून होता. त्याचीही एक दाढ गेली दोन वर्षे ठणकते आहे.