मानमंदिराची सावली आणि प्रोसेसरचे ठोके

वाराणसीचा दशाश्वमेध घाट अठराव्या शतकात बाळाजी बाजीराव पेशव्यांनी बांधून घेतला. शेजारच्या मानमंदिराच्या गच्चीवर त्याच शतकात सवाई जयसिंगाने सम्राटयंत्र उभारले. सावली सरकते आणि वेळ कळते. त्या सावलीला घाई करता येत नाही. प्रोसेसरच्या घड्याळाला मात्र ती करता येते. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३ अब्ज ठोके देतो. प्रत्येक ठोक्याच्या आत ट्रान्झिस्टरांची उघडझाप पूर्ण व्हावी लागते. ठोके वाढवले की सवड अपुरी पडते. म्हणून व्होल्टेज वाढवून ती उघडझाप जलद करतात. पण लागणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवल्यास ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते आणि तिची उष्णता होते.

शिवाय, मदरबोर्डवरील नियंत्रक १२ व्होल्टचे सुमारे १ व्होल्ट करतो. अचानक भार आला की हे व्होल्टेज क्षणभर खचते. तेवढ्यात संगणक बंद पडला तर ते बरे. चुकीचे उत्तर मुकाट्याने पुढे गेले तर ते घातक.

१९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, ट्रान्झिस्टर लहान होतील तसे व्होल्टेजही उतरवता येईल. पुढची तीस वर्षे वेग वाढत गेला. मग ट्रान्झिस्टरांतून होणारी विजेची गळती वाढली, व्होल्टेज आणखी उतरेना, आणि २००५च्या सुमारास ठोक्यांची शर्यत मंदावली. उत्पादक एकाच चिपवर अनेक गाभे बसवू लागले.

अनेक प्रोसेसरांना एकत्र राबवण्याची ही वाट पुण्याच्या सी-डॅकने त्याआधीच धरली होती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध केला. ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर त्यात एकाच वेळी काम करीत. त्याच परंपरेतला ८३३ टेराफ्लॉप्सचा ‘परम शिवाय’ २०१९ पासून घाटाच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर, आयआयटी (बीएचयू) मध्ये आहे.

विद्यार्थिमित्रांनो, घरच्या संगणकावर हा प्रयोग करायचा असेल, तर व्होल्टेज अगदी लहान पावलांनी बदला, तापमान पाहा आणि प्रत्येक बदलानंतर पूर्ण भाराखाली कित्येक तास चाचणी घ्या. उत्तर विश्वासार्ह नसेल, तर वाढलेला वेग ही केवळ वाढलेली उष्णता ठरते.