निबंध तपासायचा कोणी?

शाळेतून चांगले गुण घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजात चार सलग परिच्छेद लिहिता येत नाहीत, ही तक्रार आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रयोगशाळांमध्ये काम करणारे आम्ही लोक तर ती फारच हिरिरीने करतो. नव्या संशोधक विद्यार्थ्याचा पहिला अहवाल हातात पडला, की ‘शाळेत यांना शिकवतात तरी काय?’ हा प्रश्न हमखास निघतो. तक्रार जुनीच आहे. अमेरिकेतील हार्वर्ड येथे दीडशे वर्षांपूर्वी तिला प्रवेशपरीक्षेचे रूप देण्यात आले, आणि ते देण्यात पुढाकार घेणारा माणूस भाषेचा नव्हे, तर रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता.

चार्ल्स एलियट १८६९ साली हार्वर्डचा अध्यक्ष झाला, तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. त्याआधी तो मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रसायनशास्त्र शिकवीत असे. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने प्रयोग करूनच हा विषय शिकावा, असा त्याचा आग्रह होता आणि त्या धर्तीवर फ्रान्सिस स्टोरर या सहकाऱ्याबरोबर त्याने पाठ्यपुस्तकही लिहिले होते. त्या काळी हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत मुख्य भर असे तो लॅटिन, ग्रीक आणि गणित यांवर. इंग्रजी काय, घरात बोलतातच. ती वेगळी शिकवायची कशाला, असा सर्वसाधारण समज होता. (आपल्याकडे मराठीबाबत हा समज अजून गेलेला नाही.) अध्यक्ष झाल्यावरच्या पहिल्याच भाषणात एलियटने इंग्रजीच्या पद्धतशीर अभ्यासाकडे होणाऱ्या दुर्लक्षावर बोट ठेवले. १८७२ मध्ये त्याने ॲडम्स शेर्मन हिल या आपल्या जुन्या वर्गबंधूला बोलावून घेतले. हिल वृत्तपत्रात काम केलेला, धारदार लेखणीचा माणूस. १८७४ पासून प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध सुरू झाला.

परीक्षेचे स्वरूप साधे होते. आधी काही पुस्तकांची नावे जाहीर करायची, त्यांतून विषय द्यायचा आणि एक छोटा निबंध लिहून घ्यायचा. पहिल्या यादीत शेक्सपिअरची तीन नाटके होती, स्कॉटचे ‘आयव्हॅन्हो’ होते, गोल्डस्मिथची कादंबरी होती. निबंध शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण आणि अभिव्यक्ती या चार बाबतींत निर्दोष असावा, ही अट. या चारांपैकी पहिल्या तीन बाबतींतल्या चुका लाल पेन्सिलने मोजता येतात. म्हणण्यात काही अर्थ आहे का, एका विधानावरून दुसरे निघते का, हे मोजणे अवघड. अटीत त्याचा उल्लेखही नव्हता. १८७९ सालच्या विषयांपैकी एक होता ‘राणी ॲनच्या काळातील द्वंद्वयुद्धे’. थॅकरेची कादंबरी वाचून सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने यावर स्वतःचे असे काय म्हणावे, ते आम्हांला तरी सुचत नाही. त्या वर्षी जवळजवळ निम्मे उमेदवार निबंधात नापास झाले.

नापास झालेल्या सर्वांना परत पाठवणे शक्य नव्हते. तेव्हा १८८५ पासून प्रथम वर्षातच ‘इंग्लिश ए’ नावाचा सक्तीचा अभ्यासक्रम ठेवण्यात आला. त्याच सुमारास बॅरेट वेंडेल या प्राध्यापकाने वरच्या वर्गासाठी रोज एक लहानसा मजकूर लिहून आणण्याची पद्धत सुरू केली. लिहिण्याने लिहिणे येते, हे त्याचे म्हणणे खरेच होते. पण विद्यार्थी रोज लिहिणार, तर कोणी तरी रोज वाचले पाहिजे. हार्वर्डमध्ये हे वाचन करणाऱ्यांची एक फळीच उभी राहिली.

या परीक्षकांच्या हाती १८८८ साली एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा निबंध आला. फिस्क विद्यापीठाची पदवी घेऊन तो हार्वर्डला आला होता आणि आपल्या समाजावरील अन्यायाबद्दल त्याच्याजवळ बोलण्यासारखे पुष्कळ होते. निबंधाला शेरा मिळाला ‘ई’, म्हणजे नापास. हा विद्यार्थी म्हणजे पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेला डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. त्याने चिडून लेखन सोडले नाही. उलट वेंडेलच्या वर्गात जाऊन बसला, आणि त्याचा आपल्याला उपयोग झाला असे त्याने नंतर लिहून ठेवले. त्याचा निबंध कोणी तरी वाचला होता आणि तो पुन्हा लिहीत होता. ही संधी शाळेतल्या मुलाला कुठून मिळणार?

हार्वर्डला मात्र दोष शाळांचाच दिसत होता. १८९१ मध्ये नेमलेल्या तीन जणांच्या समितीत एक संपादक होता, एक रेल्वे कंपनीचा माजी अध्यक्ष आणि एक वकील-राजकारणी. शाळेत शिकवणारा त्यांत कोणीच नव्हता. १८९२ च्या अहवालात या समितीने विद्यार्थ्यांच्या चुकांनी भरलेल्या निबंधांच्या हुबेहूब प्रती छापल्या, आणि हे प्राथमिक काम शाळांनी करून पाठवावे, असा निष्कर्ष काढला. वर्तमानपत्रांना खाद्य मिळाले. शाळांच्या हाती काय आले? पुस्तकांची यादी आणि नापासांची आकडेवारी.

याच विद्यापीठाने याच काळात पदार्थविज्ञानाच्या बाबतीत काय केले, ते पाहण्यासारखे आहे. शाळेत प्रयोग करून आलेला विद्यार्थी एलियटला हवा होता. ते काम एडविन हॉलकडे आले. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकात विद्युतप्रवाहाला आडवा विद्युतदाब निर्माण होतो, हा १८७९ चा शोध ज्याच्या नावाने ओळखला जातो, तोच हा हॉल. त्याने नुसते ‘प्रयोग करून या’ असे शाळांना सांगितले नाही. १८८० च्या दशकात हार्वर्डने त्याची ४० प्रयोगांची वर्णनात्मक यादी काढली. उपकरण कोणते, करायचे काय, मोजायचे काय, सारे त्यात होते. उमेदवाराने शिक्षकाच्या सहीची आपली प्रयोगवही सोबत आणायची. उपकरणे बनवणाऱ्यांनी त्या यादीनुसार संच विकायला काढले. वही म्हणजे तरी काय, लेखनच! काय केले, काय दिसले, त्यावरून काय म्हणता येते, हे वर्षभर थोडे थोडे लिहीत जायचे आणि शिक्षकाने ते पाहत जायचे. कॉलेजातील लेखनाची याहून चांगली तयारी आम्हांला ठाऊक नाही. पुढे या यादीचाही साचा झाला, मुले कारण न कळता दशांशस्थळे मोजू लागली, अशी ओरड विसाव्या शतकाच्या आरंभी झाली, आणि ती खोटी नव्हती. पण प्रयोग हवे असतील तर टेबल, उपकरणे आणि तासिका द्याव्या लागतात, एवढे सर्वांनी मान्य केले होते. निबंधाला काय लागते, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

एलियटच्याच अध्यक्षतेखाली १८९२ मध्ये माध्यमिक अभ्यासक्रमासाठी ‘दहांची समिती’ नेमली गेली. तिच्या इंग्रजी विषयाच्या गटाचे नेतृत्व बॉस्टनमधील एका शाळेचे शिक्षक सॅम्युएल थर्बर यांच्याकडे होते. कोणत्याही विषयाच्या शिक्षकाने विद्यार्थ्याच्या भाषेची जबाबदारी आपली मानावी, असे या गटाने सांगितले. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे वाक्य ऐकले आणि सोडून दिले, असे म्हटले तर ते अन्यायाचे होऊ नये. यानंतर वेगवेगळ्या कॉलेजांच्या याद्या एकसारख्या करण्यात आल्या आणि १९०१ पासून सामाईक मंडळाची परीक्षा सुरू झाली. याद्यांच्या या जाचाला कंटाळलेल्या शिक्षकांनी १९११ मध्ये शिकागोला आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. मिशिगनचे फ्रेड न्यूटन स्कॉट तिचे पहिले अध्यक्ष.

१९१२ च्या जानेवारीत या शिक्षकांच्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. त्यात कॅन्सस विद्यापीठातील एडविन हॉपकिन्स यांनी शीर्षकातच विचारले होते, की सध्याच्या परिस्थितीत निबंधलेखन नीट शिकवता येईल काय? लेखाच्या सुरुवातीलाच एका शब्दात उत्तर होते: नाही. हॉपकिन्स हिशेब मांडणारे गृहस्थ होते. शिक्षकाकडे मुले किती, आठवड्याला शब्द किती, तासाला वाचून होतात किती, आणि डोळे व डोके किती वेळ टिकते, हे त्यांनी जमवले. निबंधलेखन हा प्रयोगशाळेचाच विषय आहे आणि त्याचा खर्च त्याच मापाने धरला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता.

तो हिशेब आपणही करून पाहावा. चार तुकड्या, प्रत्येकी ३० मुले. आठवड्याला एक लहान निबंध. एकाला पाच मिनिटे. १२० निबंधांना ६०० मिनिटे, म्हणजे दहा तास झाले, तेही तासिका संपल्यावर. एका वर्गात ६० मुले धरली, तर वीस तास. इतका वेळ मिळत नसेल तर दोनच वाटा उरतात: निबंध कमी लिहून घेणे, किंवा चुकांवर खुणा करून वही परत देणे. गाईडमधला निबंध पाठ करून घेणे ही पहिल्या वाटेचीच पुढची पायरी. पाठ केलेल्या निबंधात तपासायला फारसे काही उरत नाही, ही तिची मोठी सोय!

हॉपकिन्स यांनी हा आग्रह सोडला नाही. १९२३ मध्ये त्यांनी इंग्रजी शिकवण्याचे श्रम आणि खर्च यांवर अहवाल काढला. प्रवेशमंडळाने मात्र १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, निबंधवजा उत्तरांच्या परीक्षा बंद केल्या आणि पर्यायांवर खूण करण्याची चाचणी पुढे आली. २००५ मध्ये सॅट परीक्षेत २५ मिनिटांचा निबंध घेण्यात आला. प्रत्येक निबंध दोघे जण वाचत, आणि वाचणारे शाळा-कॉलेजांतले शिक्षकच असत. २०१६ मध्ये हा निबंध ऐच्छिक झाला. २०२१ मध्ये तो काढून टाकण्यात आला. काही राज्यांत शाळांमधूनच घेतल्या जाणाऱ्या परीक्षेपुरता तो उरला.