कॉलम-सेंटिमीटर ते क्लिक : बेळगावातल्या मराठी जाहिरातीची गोष्ट

बेळगावचा इतिहास म्हटला की किल्ला, १९२४ चं काँग्रेस अधिवेशन आणि सीमाप्रश्न, एवढ्यावर गाडी थांबते. इथल्या दुकानदारानं माल कसा खपवला, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. मी १९८८ पासून इथल्या एका मराठी दैनिकासाठी जाहिराती गोळा केल्या, पुढं तेच काम मोबाईलवर केलं. म्हणून लिहून ठेवतोय.

मराठी वृत्तपत्राची परंपरा आपल्याकडं जुनी. बाबुराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये 'तरुण भारत' काढला. माझ्या उमेदीच्या काळात जाहिरात म्हणजे कॉलम-सेंटिमीटर. दोन कॉलम रुंद, १० सेंटिमीटर उंच, म्हणजे २०, गुणिले दर. खिशात पट्टी कायम. शिवाय पेंटरनं रंगवलेली भिंत, पेपरात घालून वाटलेली हँडबिलं, थिएटरातली स्लाइड आणि भोंगा लावून फिरणारी रिक्षा. जाहिरातीनं गिऱ्हाईक किती आलं हे खडेबाजारातल्या कापडवाल्याला सांगता यायचं नाही, मलाही नाही. पण लग्नसराईत खानापूर-चंदगडची माणसं पेपराची घडी पिशवीत घालून यायची, तेवढी खूण आम्हाला पुरायची.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याची झळ आम्हाला लगेच लागली नाही. आधी आलं फ्लेक्स, आणि पेंटर लोकांच्या हातातला ब्रश गेला. मराठी जाहिरात इंटरनेटवर न्यायची तर अडचण निराळीच होती. छापखान्यातले फॉन्ट जुन्या पद्धतीचे, एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसती अगम्य चिन्हं. मग आम्ही जाहिरातीचा फोटोच टाकायचो, पण तेव्हा फोटोतली अक्षरं शोधात सापडत नसत. युनिकोड रुळल्यावर ही गाठ सुटली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये गूगलच्या जाहिरातींत मराठीला जागा मिळाली.

नवं काम वाटलं तेवढं परकं नव्हतं. मथळा लहान, भाव स्पष्ट, पत्ता खुणेसकट, हे जुनंच. बदललं ते पैशाचं गणित. पूर्वी जागेचा दर ठरलेला असायचा, आता दर वेळी लिलाव, आणि बऱ्याचदा कुणी बोट लावलं तरच पैसे. फसवणूकही नवी आली. ओळखीच्या एका दुकानदाराकडून बाहेरगावच्या एजन्सीनं पैसे घेतले आणि हजारो लाइक दाखवले, दुकानाची पायरी मात्र कुणी चढलं नाही. लाइकवर भाडं भागत नाही हो! मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा ज्यांच्याकडं गिऱ्हाइकांचे नंबर लिहिलेले होते ते व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेऊन तगले. म्हणजे वहीत नाव लिहून ठेवायची जुनी सवयच कामाला आली.

आता मुद्द्याची गोष्ट. मोबाईलवर जाहिरात देताना बेळगावभोवती ५० किलोमीटरचं वर्तुळ काढलं की खानापूरही आत येतं, शिनोळीही येते. १ नोव्हेंबर १९५६ ला आखलेली हद्द त्या वर्तुळाला अडवत नाही. पण त्याच वर्तुळात 'मराठी' निवडलं की आकडा झर्रकन खाली येतो. माणसं कमी झाली म्हणून नव्हे. आपण घरी मराठी बोलतो, फोन मात्र इंग्रजीत ठेवतो, शोधतोही इंग्रजीत. यंत्र बरंचसं त्यावरूनच भाषा ठरवतं. आकडा लहान दिसला की दुकानदार म्हणतो, "मग इंग्रजीतच करूया की."

पेपरच्या काळात वर्गणीदाराच्या यादीवरून मराठी घर मोजलं जायचं. आज ते फोनच्या सेटिंगवरून मोजलं जातंय. पाटीवरच्या भाषेसाठी आपल्याकडं मोर्चे निघाले, पण या पाटीसाठी कुणाची परवानगी लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलायची, बस्स.

आणि कुणाच्या माळ्यावर जुनी हँडबिलं, थिएटरच्या स्लाइडा असतील तर रद्दीत घालू नका. फोटो काढून इथं टाका. आपल्या बाजारपेठेचा इतिहास त्यातच आहे.