फायनल गर्ल

स्लॅशर भयपटात सोबतचे सगळे मारले गेल्यावर जिवंत उरणारी आणि खुन्याला एकटीने तोंड देणारी तरुणी. अमेरिकन अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मधील निबंधात ही संज्ञा रूढ केली. भयपटाचा तरुण पुरुष प्रेक्षक आधी खुन्याच्या नजरेने पाहतो, पण शेवटी या मुलीशी एकरूप होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ (१९७४) मधील सॅली पळून सुटते. जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोविन’ (१९७८) मधील लॉरी स्ट्रोड (जेमी ली कर्टिस) मात्र उलटून वार करते. कपाटात दडलेली लॉरी, बाहेरून दार फोडणारा खुनी मायकेल. थरथरत्या हातांनी ती कपडे अडकवायचा तारेचा हँगर सरळ करते आणि त्याच्या डोळ्यात खुपसते. या पात्राचे सारे आकर्षण त्या थरथरीत आहे. ती शूर म्हणून आलेली नसते. घाबरलेली असूनही तिचे डोके चालू राहते. धोक्याची चाहूलही तिलाच आधी लागलेली असते, आणि कोणी तिचे ऐकलेले नसते. हा अनुभव बायकांना परका नाही.

जी मुलगी ‘सोज्वळ’ तीच वाचते, हा या प्रकारावरील आक्षेप रास्त आहे. वेस क्रेव्हनच्या ‘स्क्रीम’ (१९९६) मध्ये सिडनी प्रेस्कॉट हा संकेत मोडूनही वाचते. कर्टिस यांनी २०१८ च्या ‘हॅलोविन’मध्ये लॉरी पुन्हा साकारली: आजी झालेली, घराची गढी करून चाळीस वर्षे त्याच रात्रीची वाट पाहणारी.