भीमजयंती, बुद्ध पौर्णिमा आणि ऊन : बीडच्या कार्यकर्त्यांनी काय काळजी घ्यावी?

बीड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. १४ एप्रिलची भीमजयंती आणि वैशाखातील बुद्ध पौर्णिमा याच दिवसांत येतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबेही हंगाम संपवून गावी परतलेली असतात. त्यामुळे ऊन ही आपल्या संयोजनाचीच बाब आहे.

नवी मुंबईत खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी भर दुपारी उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. गर्दी श्रद्धेने बसून राहते, उठून जात नाही. म्हणून वेळ, सावली आणि पाणी यांची जबाबदारी संयोजकांची आहे, असे आम्ही मानतो.

कार्यक्रम ठरवताना
मिरवणूक ऊन उतरल्यावर काढावी. वंदना व भाषणे सकाळी लवकर किंवा सायंकाळी ठेवावीत. दुपारी विहार खुले ठेवून तेथे पाण्याची सोय करावी. महिलांसाठी शौचालय हवेच. ते नसेल तर अनेक जणी दिवसभर पाणी पिणेच टाळतात, हे आम्ही वस्त्यांवर काम करताना पाहतो. वृद्ध, गरोदर महिला, लहान मुले आणि मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकाराचे रुग्ण यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

लक्षणे ओळखा
चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे येणे ही पहिली सूचना. माणसाला सावलीत बसवून थोडे थोडे पाणी किंवा जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे (चहाचा चमचा).

अंग तापलेले असून माणूस असंबद्ध बोलत असेल, झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी फसू नये. लगेच १०८ वर फोन करावा. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा व जांघेत ओल्या पट्ट्या ठेवाव्यात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

घर आणि काम
पत्र्याचे घर रात्रीही तापलेले राहते. पत्र्यावर बाहेरून चुना मारल्यास आतील उष्णता कमी होते. शेतात किंवा बांधकामावर जाणाऱ्यांनी पहाटे काम सुरू करून १२ ते ४ या वेळेत थांबावे. पण रोजंदारी बुडेल या भीतीने मजूर एकट्याने थांबू शकत नाही. मुकादमाशी, मालकाशी सर्वांनी मिळून बोलावे लागते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानेही कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटीची तरतूद केली होती. ही मागणी दयेची नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते माणूस म्हणून असलेल्या हक्कासाठी. त्यांच्या जयंतीत कोणी पाण्यावाचून कोसळू नये. यंदा जयंती समितीच्या पहिल्याच बैठकीत ढोल-डीजेच्या आधी पाणी, सावली आणि वेळ हे तीन विषय घ्यावेत, ही आमची विनंती.

जय भीम, नमो बुद्धाय.