१९ जून १९२८ : रेडिओवरच्या हास्याचे इतिहासकार बॅरी टुक यांचा जन्म
ब्रिटिश विनोदी लेखक बॅरी टुक यांचा जन्म १९ जून १९२८ रोजी लंडनमध्ये झाला. मार्टी फेल्डमन यांच्यासह त्यांनी लिहिलेली ‘राउंड द हॉर्न’ ही बीबीसी रेडिओची मालिका १९६५ पासून गाजली. ‘मॉन्टी पायथन’ हा विनोदवीरांचा चमू १९६९ मध्ये दूरचित्रवाणीवर आला, त्यामागेही त्यांचा पुढाकार होता. तरी त्यांचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे १९७६ चे ‘लाफ्टर इन द एअर’ हे ब्रिटिश रेडिओ-विनोदाच्या इतिहासाचे पुस्तक. ज्याने स्वतः त्या क्षेत्रात आयुष्य घालवले, त्याने लिहिलेला इतिहास तटस्थ कसा असेल, ही शंका रास्त आहे. पण सुरुवातीच्या काळातले कितीतरी कार्यक्रम थेट प्रसारित झाले आणि हवेत विरले. त्यांची ध्वनिमुद्रणे उरली नाहीत. संहितेतून संवाद कळतात, पण नेमका विराम, आवाजातला चढउतार, श्रोत्यांची दाद कळत नाही. ते सारे त्या कामात मुरलेला माणूसच सांगू शकतो. त्याच्या आवडीनिवडी इतर पुराव्यांशी ताडून पाहता येतात. न नोंदवलेली आठवण मात्र कायमची जाते. टुक यांचे ३१ मार्च २००२ रोजी निधन झाले.